ट्रकची फोल्डिंग बर्थ पावसात भिजली? नवीन प्लाय आणण्याआधी हे वाचा

माझे मामा वडवणीचे, ट्रक चालवतात. त्यांच्या केबिनमध्ये सीटच्या मागे बिजागरीवर उघडणारी बर्थ आहे. खाली प्लायवूड, वर फोम आणि रेक्झिन. छतातून पाणी झिरपलं आणि फळी कुजली. परदेशात गाडीमागे ओढतात त्या फोल्डिंग बेडच्या ट्रेलरचंही दुखणं हेच. आम्ही ती बर्थ घरीच दुरुस्त केली, ती कशी ते सांगतो.

फळी कुजते कशी?
प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर, आडवे-उभे चिकटवलेले. पाणी कापलेल्या कडांमधून आणि स्क्रूच्या भोकांमधून आत शिरतं. थर सुटले की स्क्रूची पकड जाते. बिजागरी निसटली तर झोपलेला माणूस थेट खाली! त्यामुळे हा नुसता डागाचा किंवा वासाचा प्रश्न नाही.

१. आधी गळती शोधा
कोड लिहिताना आम्ही आधी बग शोधतो, मगच बदल करतो. इथंही तसंच. डाग दिसतो तिथूनच पाणी येतं असं नाही. ते पत्र्याच्या आतून वाहत लांब जाऊन टपकतं. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा, फोटो काढा. मग एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं.

२. किती कुजलंय ते बघा
मोबाइलचा टॉर्च फळीला लावून तिरका धरा, फुगवटे लगेच दिसतात. मग स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर ती फळी बदलायचीच.

३. पूर्ण वाळवा
'लाकडाचा ओलावा मोजणारं ॲप' डाउनलोड करू नका, फोनमध्ये तसा सेन्सरच नसतो. खरा मीटर लाकडात दोन पिना टोचून विजेचा रोध मोजतो. मीटर नसेल तर प्लॅस्टिकचा तुकडा फळीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून वाळवा.

४. गळती बंद करा
जुनं सिलिकॉन खरवडून काढा, त्यावर नवीन नीट चिकटत नाही.

५. प्लाय निवडा
एमआर प्लाय दमटपणा सोसतो, सततचं पाणी नाही. मरीन प्लाय घ्या, त्यावर 'आयएस ७१०' लिहिलेलं असतं. शिक्क्यातला सीएम/एल नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं आहे का ते दुकानातच कळतं. कापल्यावर कडांना आणि भोकांना इपॉक्सी लावा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा.

झोपण्याआधी बर्थवर धान्याची दोन पोती तासभर ठेवा. मग बिजागरीचे स्क्रू तपासा. एकही हलला नसेल तरच वर चढा.