कुलपाचा कानोसा

जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी. एका टोकाला कानशीने घासून काढलेला बारीक आकडा, दुसऱ्या टोकाला बोटांत धरण्यापुरती मूठ. लॉकपिक म्हणजे एवढंच. ती हाताने घडवायची आणि तिने स्वतःच्याच मालकीची कुलपं उघडायची, असा छंद जगभर अनेकजण जोपासतात. जर्मनीत हँबुर्गला १९९७ साली या छंदिष्टांची रीतसर संघटना स्थापन झाली. नेदरलँड्स आणि अमेरिकेतही अशी मंडळं आहेत, आणि त्यांच्यात स्पर्धाही होतात.

आकडा कापून काढायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो पुढच्या कामात: कडा गोल करणं, ओरखडे काढणं, एकाहून एक बारीक एमरी पेपरवर पट्टी घासत राहणं. पाहणाऱ्याला ही निव्वळ चकचकीतपणाची हौस वाटते. मला मात्र पदार्थविज्ञानाचा एक अख्खा धडा या घासण्यात दिसतो. पट्टीची ताकद आणि तिच्यातून बोटांना मिळणारी खबर, दोन्ही तिच्या पृष्ठभागावर ठरतात.

आधी कुलपाच्या आत काय चालतं ते पाहू. फ्लॅटच्या दाराला असतं तशा लॅचमध्ये बहुधा पिनांची रचना असते. तिला आजचं रूप दिलं अमेरिकेच्या लायनस येल ज्युनियर यांनी, १८६१ आणि १८६५ सालच्या पेटंटांतून. मूळ कल्पना मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतली. आत एक पितळी गाभा असतो. त्यात ओळीने पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. वरची पीन अर्धी गाभ्यात, अर्धी बाहेर अडकलेली असते, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य चावी प्रत्येक जोडी नेमकी इतकी उचलते की दोन पिनांमधली फट गाभ्याच्या काठाशी येते, आणि गाभा फिरतो.

कोणत्याही कारखान्यात ही भोकं अगदी एका रेषेत पडत नाहीत. मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरक राहतोच. त्यामुळे एका वाकवलेल्या पट्टीने गाभ्याला हलका ताण दिला, तर सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. एकच आधी अडकते. तिला आकड्याने उचलत नेलं की तिची फट काठाशी येते, गाभा किंचितसा सरकतो आणि दुसरी पीन अडकते. मग तिसरी. भोकं काटेकोर एका रेषेत असती तर ही विद्याच जन्मली नसती.

हे सगळं अंधारात घडतं. डोळ्यांचा काहीच उपयोग नाही, जे कळायचं ते बोटांना. आणि बोटं विलक्षण तरबेज असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की फक्त १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यांचा पृष्ठभाग माणसाचं बोट सपाट पृष्ठभागापासून वेगळा ओळखू शकतं. बोटांच्या त्वचेत खोलवर पॅसिनियन कणिका नावाची ग्रहणकेंद्रं असतात. सेकंदाला २०० ते ३०० कंपनांना ती सर्वांत जास्त दाद देतात. पीन जागेवर बसते तेव्हा होणारी बारीकशी टिचकी पट्टीतून धावत येऊन या कणिकांपर्यंत पोचते. २०१८ साली फ्रान्समधल्या ल्यों इथल्या गटाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली: हातात धरलेल्या काठीला नेमकं कुठे काही लागलं, हे माणसाला डोळे झाकूनही बरंच अचूक सांगता येतं. म्हणजे हत्यार हाती आलं की मेंदू त्याच्या टोकापर्यंत स्पर्श घेऊन जातो.

आता खडबडीत पट्टीचा विचार करा. तिच्या कडेवर कानशीचे दाते राहिले असतील, तर ती पितळेवर खरखरत सरकते. ही खरखर म्हणजेसुद्धा कंपनंच. पिनेची टिचकी त्या गोंगाटात बुडून जाते. कडा गोल आणि गुळगुळीत असली की पट्टी मुकाट सरकते आणि बोटाला कुलपाचं बोलणं तेवढं ऐकू येतं. मुठीवर जाड, मऊ रबर चढवणारे लोक या खबरीवर स्वतःच पांघरूण घालतात, असं माझं मत आहे.

दुसरी बाब ताकदीची. चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली जहाजांच्या पत्र्यांमधल्या चिरांचं गणित मांडलं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. भोक जितकं अरुंद आणि टोकदार, तितका ताण वाढत जातो. चिरेच्या टोकाशी तो अनेक पटींनी चढतो. पट्टीवरचा आडवा ओरखडा म्हणजे अशीच एक चीर. पट्टी पुन्हा पुन्हा वाकते, दर वेळी त्या ओरखड्याच्या तळाशी ताण साठतो, आणि एक दिवस पट्टी तिथेच तुटते. म्हणून जाणकार शेवटचं घासणं नेहमी पट्टीच्या लांबीच्या दिशेने करतात. उभा ओरखडा तेवढा घातक नसतो. आकडा जिथे दांड्याला मिळतो तिथे कधीही काटकोन ठेवत नाहीत, गोल कानशीने वळण देतात.

दांड्याची उंची किती ठेवायची, हाही कळीचा प्रश्न आहे. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: उंची निम्मी केली तर कणखरपणा आठव्या हिश्शावर येतो. कानशीचे दोन-चार हात जास्त पडले की दांडा लवचीक होऊन निरुपयोगी ठरतो, आणि घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

हे पोलाद मिळतं कुठे? मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात फीलर गेज मिळतो. टॅपेट सेट करताना मेकॅनिक वापरतात तो पट्ट्यांचा जुडगा. प्रत्येक पट्टीवर जाडी कोरलेली असते, आणि पोलाद बहुधा जास्त कार्बनचं, स्प्रिंगच्या कडकपणाचं. कानस त्याहून कडक, म्हणून ती त्याला कापते. लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातंही चालतं, पण त्याच्या दातांवर कानस घसरते. तिथे ग्राइंडर लागतो. तिसरा मार्ग म्हणजे मोटारीच्या वायपरच्या रबरात बसवलेली स्टेनलेस पट्टी.

या वायपरच्या पट्टीला लोहचुंबक लावून पाहा. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही असं आपण ऐकत आलो, पण ही पट्टी अनेकदा चिकटते. १७ टक्के क्रोमियम आणि ७ टक्के निकेलचं एक स्टेनलेस तापवून कडक होत नाही. ते थंड असतानाच रुळांत दाबून कडक करतात. त्या दाबाने लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते, मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होते, आणि ही रचना चुंबकाला ओढली जाते. घरातल्या स्टीलच्या पातेल्याच्या तळाला चुंबक लावा, मग वळवलेल्या काठाला लावा. काठाशी थोडी ओढ जाणवली तर तिथला धातू वळवताना तसाच बदलला आहे.

नागपूरकरांनी या पट्टीकडे आणखी एका नजरेने पाहायला हवं. पोलादात मँगनीज नसेल तर त्याची पातळ पट्टी लाटताच येत नाही. खनिजातून आलेलं गंधक लोखंडाशी जुळतं आणि धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतं. हे संयुग साधारण ९९० अंशांना वितळू लागतं, आणि लाटायचं पोलाद तर त्याहून जास्त तापवलेलं असतं. साहजिकच ते रुळांखाली फुटतं. मँगनीज गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं. बेसेमर या इंग्रज संशोधकाच्या नव्या पोलादातलं वैगुण्य १८५६ साली रॉबर्ट मशेट यांनी मँगनीज घालूनच दूर केलं होतं. हे मँगनीज आपल्या अंगणात आहे. रामटेकजवळचं मनसर, कांद्री, भंडारा जिल्ह्यातलं डोंगरी बुजुर्ग, पलीकडचं बालाघाट हा सगळा मँगनीजचा पट्टा. इथल्या खाणींसाठी १८९६ साली ब्रिटिश कंपनी उभी राहिली. १९६२ पासून मॉयल ही कंपनी आहे आणि तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. स्वस्त स्टेनलेस भांड्यांत तर निकेलची बरीचशी जागा मँगनीजनेच घेतलेली असते.

त्याहूनही मागे जाता येतं. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती इसवीसनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या आसपासची, शिळावर्तुळं रचणाऱ्या लोकांची. नायकुंड आणि नागपूरजवळच्या माहुरझरीच्या लोखंडी वस्तूंच्या सूक्ष्मदर्शी तपासणीत दिसलं की इथले लोहार धारेच्या जागी लोखंडात कार्बन मुरवून पोलाद करत आणि ते पाण्यात विझवून कडक करत. एवढी जुनी विद्या असलेल्या जिल्ह्यात आज शाळेतल्या मुलाच्या हाती कानस येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

विझवलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत कोंडलेले असतात, म्हणून ते कडक पण ठिसूळ असतं. पुन्हा बेताने तापवलं की थोडा कार्बन बाहेर पडतो, ठिसूळपणा जातो, स्प्रिंग तयार होते. ग्राइंडरवर हाच बेत बिघडतो. पातळ टोकाला उष्णता पसरायला जागा नसते. अशा वेळी पोलादाचा रंग पाहावा. तापलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो आणि पावसाळ्यात रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात तसे रंग त्यात उमटतात: सुमारे २३० अंशांना फिकट पिवळा, २५५ ला तपकिरी, २७५ ला जांभळा, ३०० ला निळा. निळा दिसला की हात थांबवावा. त्यापुढे राखाडी झालेली पट्टी वाकवली की वाकलेलीच राहते. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवणं हाच उपाय. मी म्हणेन, निवांत वेळ असेल तर हातानेच घासा. कानशीने पोलाद कधी जळत नाही.

एमरी २२० नंबरपासून सुरू करावा. त्याचे कण साधारण केसाच्या जाडीचे, ७० मायक्रॉनच्या आसपास. मग ४००, ८००, १५००. शेवटच्याचे कण १२-१३ मायक्रॉन. नवा नंबर घेतला की आधीच्या ओरखड्यांना आडवं घासायचं, म्हणजे जुने ओरखडे कधी संपले ते दिसतं. फक्त शेवटचा हात लांबीच्या दिशेने. घाईने एखादा नंबर गाळला, तर त्याच्या आधीच्या नंबरचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात. कार्बनची पट्टी असेल तर शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवावं. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज आठवड्याभरात धरतो.

ही कला फक्त छंदिष्टांची नाही. चौकात बसणारा चावीवाला कोरी चावी कुलपात घालून फिरवतो, पिनांनी उमटवलेल्या बारीक खुणा उजेडात पाहतो आणि तेवढंच घासतो. त्याच्या हातातलं ज्ञान कोणत्याही अभियंत्याच्या तोडीचं आहे. शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगारांची अनेक कुटुंबं आज याच व्यवसायात आहेत.

चोरांना यातून वाट दाखवली जाते का, हा प्रश्न रास्त आहे आणि जुना आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. मग २०० गिनींचं बक्षीस लावून कित्येक दशकं दुकानाच्या खिडकीत ठेवलेलं ब्रामा कुलूप त्याने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून, खास घडवलेल्या हत्यारांनी उघडलं. गहजब झाला. पण चोराला कुलपाचे दोष आधीच ठाऊक असतात, ते फक्त गिऱ्हाइकाला ठाऊक नसतात, असा हॉब्जचा युक्तिवाद होता, आणि तो मला पटतो. त्यानंतर कुलपं सुधारली. आपल्याकडे १८९७ साली मुंबईत लालबागला आर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला, तोही न उघडता येणारं कुलूप देण्याच्या जिद्दीनेच.

छंद करायचा तर एक कायदा माहीत हवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन कायदेशीर सबबीशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. तेव्हा पट्ट्या घरच्या टेबलाच्या खणात राहू द्या, खिशात घेऊन फिरू नका. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. आणि सरावासाठी भंगारवाल्याकडून एखादं जुनं पितळी कुलूप आणा. घराच्या दाराचं कुलूप त्यासाठी वापरू नका. आकडा आत मोडला, तर चावी असूनही तुम्ही दाराबाहेर राहाल.