जैनथचा शिलालेख : एका सहलीचा जमाखर्च

व्यापाऱ्याला प्रवास नवा नाही. परंतु तो बहुधा माल आणि वसुली यांसाठीच घडतो. केवळ प्राचीन वास्तू पाहावी, या हेतूने आम्ही सदस्य मंडळी एका हिवाळ्यात सहकुटुंब आदिलाबादहून जैनथला गेलो. अंतर सुमारे 21 किलोमीटर. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून परतावयाचे, असा बेत होता.

गावाचे नावच असे, की हे पूर्वीचे जिनालय असणार याविषयी आमच्यापैकी कोणासही शंका नव्हती. काळ्या दगडाचे ते मंदिर आज लक्ष्मीनारायणाचे आहे. एका ज्येष्ठ सदस्यांनी तर ‘प्राचीन जैन मंदिर’ असा फलक लावण्यासाठी तेथेच देणगी जाहीर केली.

आमच्याबरोबर मार्गदर्शक म्हणून इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी नम्रपणे आम्हांस येथील संस्कृत शिलालेखाचा आशय सांगितला. परमार राजा उदयादित्याचा पुत्र जगद्देव हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास दक्षिणेत आला होता. त्याच्या पराक्रमाचे वर्णन या लेखात आहे. त्याच्या पदरी असलेल्या लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्यदेवाचे, मंदिर बांधविल्याची नोंदही त्यात आहे. जगद्देवाचाच 1112 मधील दुसरा लेख यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावी आहे. त्यावरून काळाचा अंदाज येतो.

‘पद्मावती’ हे नाव ऐकताच काहींच्या आशा पुन्हा पालवल्या. परंतु ही पद्मावती यक्षी नव्हे, एका अधिकाऱ्याची गृहिणी होती. क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग देणगी जाहीर करणारे गृहस्थच म्हणाले, “खतावणीत नाही ती रक्कम आपण जमेस धरीत नाही; मग दगडावर नाही ते फलकावर कसे लिहावे?” फलकाचा विचार तेथेच सोडण्यात आला.

आम्हांस वाटते, त्या दिवशी आम्ही काही गमावले नाही. जैन परंपरेचे वैभव पाहावयाचे तर याच तेलंगणात कोलनुपाक येथे कुल्पाकजी तीर्थ आहे. त्यासाठी दुसऱ्याचे देवालय आपल्या नावे मांडण्याचे कारण नाही. सत्य हे आपल्या व्रतांपैकी एक आहे.

यापुढे सहलीस निघणाऱ्या बंधुभगिनींस एवढेच सुचवावेसे वाटते : जाणकार मार्गदर्शक बरोबर घ्यावा, लेखाचा अर्थ आधी समजून घ्यावा, आणि अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू वा तेल मुळीच चोळू नये. नऊशे वर्षे टिकलेली ती नोंद पुढील पिढ्यांनाही जशीच्या तशी वाचता आली पाहिजे.