गळणाऱ्या थेंबाचें तोंड बुजवूं नका

न्हाणीघरांतील तांब्याचा बंब आतां बहुतेक घरांतून माळ्यावर गेला आहे. धूर, राख, पहाटे उठून ढलप्या सारण्याचा व्याप, हें सारें त्याच्याबरोबर गेलें आणि भिंतीवर विजेचा गीझर आला. ही सोय स्वागतार्हच होय. परंतु बंबाचा एक गुण आपण विसरलों आहों: त्याचें तोंड उघडें असे. आंत पाणी कितीहि उकळलें तरी वाफेला वाट मोकळी असे. गीझर हें मात्र सर्व बाजूंनीं बंद असें भांडें आहे. बंबाच्या उघड्या तोंडाचें काम तेथें बोटभर लांबीची एक झडप करिते. तिलाच बाजारांत सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात.

गेल्या दिवाळींत आम्ही सारीं भावंडें लोणीच्या घरीं जमलों होतों. लोणी हें आंबेगांव तालुक्याच्या पूर्वेकडील गांव. पश्चिमेच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस येथवर येईपर्यंत ओसरलेला असतो. अशा गांवीं पाण्याच्या थेंबाची किंमत कोणास सांगावी लागत नाहीं. गीझरच्या झडपेंतून पाणी ठिबके, तें थोरल्या काकूंना पाहवेना. प्रथम त्यांनीं खालीं तांब्या ठेविला. मग त्या भोंकांत लांकडाची खुंटी ठोकवून घेतली. गळती थांबली. नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळीं ती खुंटी माझ्या दृष्टीस पडली. घरांत सतरा माणसें, त्यांत सात मुलें, आणि पहाटे सारीं न्हाणार! मीं तत्काळ वीज बंद केली.

“अरे, थेंबाथेंबानें टाकी रिकामी होते, म्हणून बुजविलें. त्यांत चुकलें काय?” काकूंनीं विचारलें. प्रश्न रास्त होता.

पाणी तापलें कीं फुगतें. १५ लिटरांच्या टाकींतील पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेलें तर तें सुमारें पाव लिटरानें वाढतें. झडपेच्या पोटांत पाणी मागें परतूं न देणारा एक पडदा असतो. तेव्हां वाढलेलें पाणी थेंबाथेंबानें बाहेर पडावें, हेंच योग्य. उष्णता आवरणारा थर्मोस्टॅट व त्याच्या जोडीचा कट-आउट बिघडले तर ही झडपच शेवटची राखण. तीहि बुजविलेली असली तर दाबाखालीं पाणी १०० अंशांच्या वर तापत जातें, आणि टाकी फुटतांच त्यांतील कांहीं पाण्याची क्षणांत दीड हजार पटींहून अधिक वाफ होते.

पाणी थंड असतांनाहि गळती चालू राहिली, तर मात्र झडपेंत दोष आहे असें समजावें. आमची झडप तशीच होती. विंधन-विहिरीच्या जड पाण्यांतील चुना तिच्यांत बसला होता. दांडी उचलतां उचलेना.

पहाटेचें अभ्यंगस्नान माळ्यावरून उतरविलेल्या बंबाच्या पाण्यानें झालें. दुपारीं मंचरच्या बाजारांतून तितक्याच दाबाची नवी झडप आणिली. वीज मुख्य बटणापासून बंद होतीच. येणाऱ्या पाण्याचा कॉक फिरविला, टाकी निवलेली पाहिली, ऊन पाण्याची तोटी उघडून दाब सोडिला व खालीं बादली ठेविली. एका पान्यानें टाकीची नळी घट्ट धरून दुसऱ्यानें जुनी झडप सोडविली; नळी पिळली गेली तर टाकीचा सांधा जातो. नव्या आट्यांवर टेफ्लॉनची फीत आटे बसण्याच्या दिशेनेंच गुंडाळिली आणि झडपेवरील बाण टाकीकडे ठेविला. निचऱ्याच्या तोंडाला उतारानें एक उघडी नळी लावून ती बादलीच्या काठाशीं सोडिली, म्हणजे काकूंचें पाणीहि वांचलें. मग पाणी सोडून तोटींतून अखंड धार येईतों थांबलों, सांधे तपासले आणि मगच वीज लाविली. रिकाम्या टाकींत वीज सोडिली तर तापविणारी कांडी जळते. विजेच्या तारांना मात्र जाणकारानेंच हात लावावा.

शेजारच्या शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. तेथें मुलें हातांनीं काम करीतच विज्ञान शिकतात. आपल्या घरांतील मुलामुलींनाहि महिन्यांतून एकदां, वीज बंद व पाणी थंड असतांना, ही दांडी उचलून पाहण्यास शिकवावें. पाणी आलें तर झडप शाबूत आहे. काकूंनीं त्यासाठीं संकष्टीचा दिवस नेमून दिला आहे.