हात तोच, वाटा वेगळ्या

माकड पिंजऱ्याच्या गजांवरून सरसर वर चढते. गज पकडायचा, सोडायचा, पुढचा पकडायचा; कुठे अडखळणे नाही. पण त्याच हातात खाऊचा तुकडा आला की बोटे मिटतात ती मिटलेलीच राहतात. शेवटी माकड मूठ तोंडाशी नेते आणि ओठ-दातांनी तो तुकडा उकरून काढते. डोनाल्ड लॉरेन्स आणि हेन्रिकस कायपर्स यांनी १९६८ साली 'ब्रेन' या नियतकालिकात हे निरीक्षण नोंदवले. हात तोच, स्नायू तेच, त्या स्नायूंना जाणाऱ्या नसाही शाबूत. मग चढताना उघडणारी बोटे खाताना का उघडत नाहीत?

या माकडांच्या मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारी एक वाट शस्त्रक्रियेने तोडलेली होती. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातून निघणारी ही वाट, कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट, माणसात प्रत्येक बाजूला सुमारे १० लाख तंतूंची असते. मेंदूच्या देठाच्या तळाशी, मेड्युलाच्या पुढच्या अंगाला, तिचे दोन उंचवटे दिसतात. त्यांना पिरॅमिड म्हणतात. तिथून खाली उतरताना बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूतल्या इजेने उजवा हात लुळा पडतो. कीव्हच्या व्लादिमीर बेत्झ यांनी १८७४ साली बाह्यकातल्या राक्षसी पेशींचे वर्णन केले आणि ही वाट म्हणजे त्या पेशींचीच, असे चित्र पुढे रूढ झाले. प्रत्यक्षात तिच्यातले जेमतेम तीन टक्के तंतू त्या पेशींचे. बाकीचे इतर, लहान पेशींचे असतात, काही तर स्पर्शज्ञानाच्या पट्ट्यातून येतात. माकडांत आणि माणसांत यातले काही तंतू बोटे हलवणाऱ्या चेतापेशींना थेट जाऊन भिडतात. मांजरात अशी थेट गाठ नाही.

दोन्ही पिरॅमिड कापल्यावर माकडे कायमची आडवी होतील, असेच कुणालाही वाटले असते. तसे झाले नाही. थोड्याच काळात ती बसू लागली, उभी राहिली, धावली, चढली. परत आली नाहीत ती फक्त एकेकटी हलणारी बोटे. छोट्या खळगीतला तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरणे संपले ते संपलेच.

लॉरेन्स आणि कायपर्स इथे थांबले नाहीत. काही माकडांत त्यांनी मेंदूच्या देठातून उतरणाऱ्या जुन्या वाटाही तोडल्या. देठाच्या आतल्या, मध्यरेषेजवळच्या वाटा तुटल्या तेव्हा धड कोसळले, मान लोंबली, पडलेले माकड स्वतःहून उठेना. आणि तरीही त्याला खुर्चीत बांधून आधार दिला की हात घास उचलून तोंडाशी नेई. बाजूची, मध्यमेंदूतल्या रेड न्यूक्लियस या केंद्राकडून येणारी वाट तुटली तेव्हा नेमके उलटे घडले: माकड चालले, चढले, पण बसल्या जागी हात खांद्यापासून लोंबत राहिला. या प्राण्यांनी मोजलेली किंमत मला विसरता येत नाही. पण पक्षाघाताच्या रोग्याकडे पाहण्याची नजर याच नोंदींनी बदलली, हेही तितकेच खरे.

आतल्या वाटांचे काम आपल्या लक्षात येत नाही, कारण ते आपल्या हालचालीच्या आधीच उरकलेले असते. उभ्या उभ्या हात पुढे उचला. खांद्याचा स्नायू आवळण्यापूर्वीच पाय आणि पाठीचे स्नायू कामाला लागलेले असतात, नाहीतर हाताच्या वजनाने तोल पुढे गेला असता. मॉस्कोच्या बेलेन्की, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव यांनी १९६७ साली हे मोजून दाखवले. हात उचलण्याचा निरोप निघण्याआधी पायांना सावरण्याचा निरोप पोचतो, आणि तो पोचवण्यात देठातल्या जाळीदार भागातून निघणाऱ्या रेटिक्युलोस्पायनल वाटेचा मोठा वाटा असतो. कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून येणारी वेस्टिब्युलोस्पायनल वाट गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झगडणारे स्नायू ताठ ठेवते. वरच्या मेंदूचा लगाम सुटला तर हा ताठपणा किती वाढतो, ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १८९८ सालीच दाखवले होते. मध्यमेंदूच्या पातळीवर देठ छेदलेल्या मांजराचे चारही पाय खांबासारखे ताठ झाले.

अर्धांगवायूनंतर काही आठवड्यांनी दुमडून घट्ट होणारा कोपर आणि मिटलेली मूठ या संदर्भात पाहावी लागते. घरचे म्हणतात, हातात ताकद येतेय. कधी म्हणतात, हा प्रयत्नच करत नाही. दोन्ही समजुती रोग्यावर अन्याय करतात. नुसते पिरॅमिड कापल्याने असा कडकपणा फारसा येत नाही. पक्षाघातात मात्र बहुधा इजा वर, बाह्यकातून उतरणारे तंतू जिथे एकत्र दाटतात त्या आतल्या कॅप्सूलजवळ होते आणि तिथे बाह्यकाकडून जाळीदार भागाला जाणारे तंतूही तुटतात. स्नायूंना आवर घालणाऱ्या केंद्राचा वरचा आधार जातो, चेतवणारी वाट चालूच राहते.

माणसाची अडचण माकडापेक्षा एका बाबतीत जास्त आहे. रेड न्यूक्लियसकडून येणारी वाट आपल्यात फारच क्षीण उरली आहे, त्यामुळे हाताच्या पुनर्प्राप्तीचा बराच भार रेटिक्युलोस्पायनल वाटेवर पडतो. ती सुटे बोट हलवू शकत नाही. खांदा, कोपर आणि बोटे एकाच झुंडीत ओढते, आणि उघडण्यापेक्षा मिटण्याला तिचा जोर अधिक. म्हणून रोगी हात वर उचलायला गेला की मूठ आणखी आवळते. त्याने जितका जोर लावावा, तितकी ती घट्ट. फिजिओथेरपिस्ट हाताखाली टेबलाचा किंवा झोळीचा आधार देतो, तेव्हा खांद्याला वजन पेलावे लागत नाही, त्या वाटेवरचा ताण उतरतो, आणि पुष्कळदा तोच हात आधी पोचत होता त्याहून पुढे पोचतो.