मोटार का पडली?

रात्रीची लाईट आली. मोटार चालू केली. पाच मिनिटांत स्टार्टर खटकन पडला. आता दोष कुणाचा? मोटारीचा, लाईटीचा, की विहिरीचा?

पेटीवर दोन मीटर असतात. एक व्होल्ट दाखवतो, म्हणजे विजेचा दाब. दुसरा अँपिअर दाखवतो, म्हणजे मोटार किती वीज ओढते ते. समजा, मोटारीच्या पट्टीवर 8 अँपिअर लिहिले आहे आणि काटा 11 वर गेला. लगेच मोटारीला नावे ठेवू नयेत. आधी व्होल्ट बघावेत. 400 च्या वर हवेत तिथे 330 असले, तर तेवढेच पाणी चढवायला मोटार जास्त अँपिअर ओढणारच! दाब पुरा असून काटा वर असेल, तर मात्र पंपात गाळ अडकला असेल किंवा बेअरिंग झिजले असेल. काटा 5 वर उतरला आणि पाइपातून हवा येऊ लागली, तर विहिरीने तळ गाठला.

सगळ्यांत वाईट म्हणजे तीनपैकी एक फेज जाणे. चालती मोटार थांबत नाही, नुसती घुमते. सगळा भार उरलेल्या दोन तारांवर येतो. मीटर नेमका गेलेल्या तारेवर असला, तर काटा शून्यावर! म्हणून लाल, पिवळा, निळा, तिन्ही दिवे बघावेत. तेही मोटार बंद करून. चालती मोटार गेलेल्या फेजचा दिवाही मिणमिणता ठेवते बरं का. पेटी उघडणे मात्र वायरमनचे काम.

आम्हीही एकदा बटणात काडी खुपसून स्टार्टर दाबून धरला होता. मोटार जळाली. ती भरून येईपर्यंत आठ दिवस गेले. तोवर कांद्याने माना टाकल्या.