लाभ कोणाचा, झळ कोणाला: जपानमधील पर्यावरणीय समाजशास्त्राची वाटचाल

माणसांचे समूह आणि त्यांच्या भोवतीचा निसर्ग यांच्यातील व्यवहार कोणाच्या निर्णयाने चालतो, त्याचा फायदा कोणाच्या पदरी पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या शाखेला पर्यावरणीय समाजशास्त्र म्हणतात. अमेरिकेत या शाखेची उभारणी बव्हंशी सैद्धान्तिक वादातून झाली; १९७६ साली तेथील समाजशास्त्रीय संघटनेत तिचा स्वतंत्र विभाग निघाला आणि दोनच वर्षांनी विल्यम कॅटन व रायली डनलॅप यांनी, मनुष्यप्राणी निसर्गनियमांना अपवाद आहे असे समाजशास्त्र आजवर न बोलता गृहीत धरत आले, असा मूलगामी आक्षेप नोंदवला. जपानमध्ये मात्र ही शाखा ग्रंथालयात न जन्मता कोळ्यांच्या वस्त्यांत, लोहमार्गालगतच्या घरांत आणि तळ्याकाठच्या खेड्यांत जन्मली, आणि हे मूळ तिने पुढेही सोडले नाही. १९९० साली एका अभ्यासगटाच्या रूपाने एकत्र आलेल्या संशोधकांनी १९९२ मध्ये पर्यावरणीय समाजशास्त्राची जपानी संघटना स्थापन केली, ईजिमा नोबुको या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि १९९५ पासून संघटनेचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. (जपानी प्रथेप्रमाणे येथे आडनाव आधी लिहिले आहे.) संघटनेची संमेलने केवळ विद्यापीठांच्या सभागृहांत न भरता प्रदूषणाची किंवा मोठ्या प्रकल्पांची झळ बसलेल्या गावीही भरतात आणि निबंधवाचनाला प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली जाते, ही तिच्या कामकाजातील लक्षात घेण्याजोगी रीत आहे.

या परंपरेची सुरुवात समजून घ्यायची तर क्युशू बेटावरील मिनामाताकडे वळावे लागते. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार करताना पाऱ्याचा उपयोग होत असे. त्या प्रक्रियेत निर्माण होणारा सेंद्रिय पारा सांडपाण्यावाटे खाडीत, खाडीतून मासळीत आणि मासळीतून कोळी कुटुंबांच्या शरीरांत जात राहिला. हातापायांतील संवेदना जाणे, दृष्टी आकुंचित होणे, बोलणे आणि चालणे बिघडणे अशा लक्षणांच्या या रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली, पण त्याचे कारण कारखान्याचे सांडपाणी हेच आहे असे सरकारने जाहीर करायला सप्टेंबर १९६८ उजाडावा लागला. मधल्या काळात, १९५९ च्या डिसेंबरात, कंपनीने रुग्णांशी ‘सहानुभूतीचा करार’ केला. पुढे कारखाना दोषी ठरला तरी अधिक भरपाई मागणार नाही, असे कलम त्यात घालून अल्प रक्कम हातावर ठेवण्यात आली. हा करार लोकनीतीच्या विरुद्ध आणि म्हणून निरर्थक असल्याचा निवाडा कुमामोतोच्या न्यायालयाने १९७३ मध्ये दिला. रोगाची नोंद आणि कारणाची कबुली यांमधली बारा वर्षांची दिरंगाई वैद्यकशास्त्राच्या अज्ञानाने पुरती उलगडत नाही, कारण खुद्द कंपनीच्या रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला देऊन १९५९ मध्येच तो रोग उत्पन्न झालेला पाहिला होता आणि तो निष्कर्ष दडपला गेला. रोगाचे कारण सापडूनही रोग चालू का राहतो, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे.

ईजिमा यांनी १९६० च्या दशकात, म्हणजे या विषयाला नावही नव्हते तेव्हा, हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या कामाचे सार ‘हानीची रचना’ या संकल्पनेत सापडते. हानी ही शरीराला झालेल्या इजेपाशी थांबत नाही, ती थरांनी पसरत जाते, असे त्यांनी दाखवले: आधी जीव आणि आरोग्य, मग रोजचे जगणे आणि मिळकत, मग माणसाचा स्वभाव आणि स्वाभिमान, आणि शेवटी शेजार, आप्तसंबंध व गाव. मिनामातात हे थर उघड दिसत होते. घरातला कर्ता पुरुष आजारी पडला की नाव किनाऱ्यावरच पडून राहत असे. रोगाचा बोभाटा झाला तर गावच्या मासळीला गिऱ्हाईक उरणार नाही, या भीतीने आजार लपवण्यासाठी शेजारीच दबाव आणत. आणि ज्या शहराचा चरितार्थ एका कारखान्यावर चालतो तेथे भरपाई मागणारा रुग्ण हाच शहराचा शत्रू ठरत असे. कारखान्यातील एका कामगार संघटनेने १९६८ मध्ये, आपण इतकी वर्षे रुग्णांसाठी काहीच केले नाही ही शरमेची गोष्ट आहे, असा जाहीर ठराव केला, यावरूनच त्याआधीच्या मौनाचे वजन कळते. एकाच विषाची बाधा झालेल्या दोन घरांची वाताहत सारखी का नसते, याचे उत्तर ईजिमा घरातील स्थान, व्यवसाय, उत्पन्न आणि सामाजिक प्रतिष्ठा यांत शोधत. आजही हे विश्लेषण कोणत्याही भरपाई-समितीपुढे ठेवावे इतके उपयोगी आहे.

त्यांचे दुसरे मोठे काम दिसायला रूक्ष आहे. प्रदूषण, कामावरील अपघात आणि व्यवसायजन्य रोग यांची एकत्रित कालसूची त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. कारखान्याच्या भिंतीच्या आत कामगाराला होणारी इजा आणि भिंतीबाहेर रहिवाशाला होणारी इजा यांची नोंद सरकारी दप्तरात वेगवेगळ्या खात्यांकडे असते. या दोन्ही एका पानावर, तारखेच्या क्रमाने मांडताच, आतल्या मजुराच्या दुखण्याकडे झालेले दुर्लक्ष हीच बाहेरच्या आपत्तीची पूर्वसूचना असते, हे वाचकाला कोणी न सांगता दिसते. केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या व्यवसायजन्य आजारांकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहिले. या शाखेच्या घडणीत विद्यापीठाच्या अधिकृत चौकटीबाहेरच्या विद्येचाही वाटा होता. उई जुन यांनी १९७० पासून १९८५ पर्यंत टोकियो विद्यापीठात संध्याकाळी चालवलेली प्रदूषणविषयक व्याख्यानमाला सर्वांना खुली होती, आणि ती चालवणारा हा विद्वान त्या विद्यापीठात वीसहून अधिक वर्षे सहायकाच्या पदावरच राहिला, ही गोष्ट विद्यापीठाला भूषणावह नाही.

पुढच्या पिढीने हानीच्या जोडीला लाभाचाही हिशोब मांडला. १९६४ च्या ऑक्टोबरात टोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे सुरू झाली, आणि नागोया शहराच्या दाट वस्तीतून जाणाऱ्या सुमारे ७ किलोमीटरच्या पट्ट्यात घरे हादरू लागली. तेथील ५७५ रहिवाशांनी १९७४ मध्ये दावा लावला. त्या पट्ट्यापुरता वेग कमी करावा ही त्यांची मुख्य मागणी होती. न्यायालयांनी १९८० मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये नुकसानभरपाई मान्य केली, वेग कमी करण्याचा आदेश मात्र नाकारला, आणि १९८६ मध्ये तडजोड झाली. फुनाबाशी हारुतोशी, हासेगावा कोइची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या संघर्षावर ग्रंथ लिहिला. काजिता ताकामिची यांनी मांडलेली आणि या गटाने विकसित केलेली ‘लाभवर्तुळ’ व ‘पीडावर्तुळ’ ही जोडी त्यात केंद्रस्थानी आहे. शिंकान्सेनचे लाभवर्तुळ देशभर पसरलेले आणि विरळ आहे, त्या पट्ट्यात वेग न घटवल्याने प्रत्येक प्रवाशाचा होणारा फायदा काही मिनिटांचा. पीडावर्तुळ अरुंद आणि घट्ट आहे, तेथील माणसाची झोप रोजच मोडते. जिथे ही दोन वर्तुळे एकमेकांवर बसतात तिथे समझोता शक्य होतो, जिथे ती विलग असतात तिथे बहुसंख्यांचे हित हेच लोकहित मानले जाते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या टोकियोच्या ‘कचरा-युद्धा’त इतर विभागांचा कचरा सोसणाऱ्या कोतो विभागाने, स्वतःच्या हद्दीत भट्टी होऊ न देणाऱ्या सुगिनामीच्या गाड्या अडवल्या, त्यामागे ही विलग वर्तुळे बळेच जवळ आणण्याचाच प्रयत्न होता.

मराठी वाचकाला ही विभागणी परकी वाटू नये. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने प्रकल्पाचे बाधित क्षेत्र आणि लाभक्षेत्र असे दोन भाग कल्पिले आणि धरणाचे पाणी मिळणाऱ्या मोठ्या खातेदारांच्या जमिनीचा काही हिस्सा घेऊन तो धरणग्रस्तांना द्यावा अशी तरतूद केली. म्हणजे जपानी अभ्यासकांनी ज्याचे विश्लेषण केले, त्यावरचा एक उपाय येथे कायद्यात आला होता. अंमलबजावणीची कथा वेगळी आहे, आणि कोयनेपासून नर्मदेच्या काठापर्यंत ती सर्वश्रुत आहे. सरदार सरोवराच्या जनित्र-यंत्रांसाठी जपानकडून मिळणारे कर्ज १९९० मध्ये थांबले, आणि आता शिंकान्सेनचेच तंत्रज्ञान व जपानी कर्ज घेऊन मुंबई-अहमदाबाद मार्ग पालघर जिल्ह्यातून जातो आहे. नागोयाचा अभ्यास येथे मराठीत उपलब्ध असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जपानी संघटनेत सगळे एकाच सुरात बोलतात असे मात्र नाही. तोरिगोए हिरोयुकी आणि कादा युकिको यांनी बिवा तळ्याकाठच्या खेड्यांचा अभ्यास करून १९८४ मध्ये ‘जीवन-पर्यावरणवाद’ मांडला. माणसाचा हात न लागलेला निसर्ग हाच आदर्श मानणारा दृष्टिकोन आणि तंत्रज्ञानाने सर्व काही सुधारता येते असे मानणारा दृष्टिकोन, हे दोन्ही नाकारून, तेथे राहणाऱ्यांच्या नित्य व्यवहारातून निर्णयाचा निकष काढावा, असे त्यांचे म्हणणे होते. नळ येण्यापूर्वी ओढ्याचे पाणी पिण्यासाठी वापरणारी गावे मैला ओढ्यात न सोडता खत म्हणून शेतात नेत, आणि पाणी स्वच्छ राहण्याचे कारण निसर्गाची कृपा नसून हे कडक संकेत होते, असे त्यांना आढळले. या मांडणीवर, गावाच्या एकजुटीच्या चित्रात गावातील सत्ताभेद पुसट होतात, असा आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. मिनामाताचे गाव रुग्णाच्या बाजूने उभे राहिले नव्हते. तरीही रहिवाशाला केवळ पीडित न मानता जाणकार मानणे, ही या प्रवाहाची देणगी मोठी आहे. कादा पुढे २००६ मध्ये शिगा प्रांताच्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. शिंकान्सेनचे नवे स्थानक आणि धरणे यांना विरोध, हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता.

फुकुशिमा येथील २०११ च्या अणुदुर्घटनेमुळे जुन्या कामाला नवे संदर्भ आले. आओमोरी प्रांतातील रोक्काशो येथे अणुइंधनाचा प्रकल्प कसा येऊन बसला, याचा फुनाबाशी, हासेगावा आणि ईजिमा यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. दरिद्री परिघावर मोठ्या उद्योगाचे आश्वासन आधी येते, उद्योग येत नाही, आणि मग त्या रिकाम्या जमिनीवर शहरांना नको असलेली वस्तू येते, हा क्रम त्यात नोंदला आहे. फुनाबाशी २०१३ मध्ये स्थापन झालेल्या नागरी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि ईजिमांच्या कालसूचीची परंपरा पुढे नेत त्यांनी अणुऊर्जेची व जगभरच्या पर्यावरणीय घटनांची विस्तृत कालसूची सहकाऱ्यांसह सिद्ध केली. २०१४ च्या जुलैत जागतिक समाजशास्त्र परिषद योकोहामा येथे, हासेगावा यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीच्या आयोजनाने भरली. पुढच्याच महिन्यात फुनाबाशी निधन पावले.

या समुदायाचे बहुतेक लेखन जपानीतच राहिल्याने जागतिक चर्चेत त्याचा वाटा त्याच्या योग्यतेपेक्षा कमी राहिला, हे त्याचे सर्वांत मोठे उणेपण आहे. त्याच्या अभ्यासविषयाला मात्र अद्याप पूर्णविराम मिळालेला नाही. मिनामाता आणि याच रोगाचा दुसरा उद्रेक झालेले निगाता या दोन्ही ठिकाणचे मिळून अधिकृत रुग्ण सुमारे ३,००० आहेत, त्या यादीबाहेर राहिलेल्यांची संख्या कितीतरी अधिक आहे, आणि ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने १२८ दावेदारांना या रोगाचे रुग्ण म्हणून मान्यता दिली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, पहिल्या अधिकृत नोंदीनंतर ६७ वर्षांनी.