मळसूत्री वाटेने धातूत उतरणारी एंड मिल

10 मिलिमीटर व्यासाची एंड मिल मिनिटाला 8000 फेरे घेऊ लागली की तिच्या कडेचा कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे 251 मीटर असतो. अक्षापासून एका मिलिमीटरवर तो 50 मीटर उरतो आणि नेमक्या मध्यावर शून्य होतो. स्पिंडल कितीही जोरात फिरवला तरी हे शून्य हलत नाही. त्यामुळे टूल सरळ खाली दाबले तर मध्यावरचा धातू कापला जाण्याऐवजी चिरडला जातो, चिप्स टूलच्या खाचांमध्ये (फ्ल्यूटमध्ये) कोंडतात आणि कार्बाइडचे टूल तडकते. कित्येक एंड मिलना तर मध्यापर्यंत धारच नसते.

यावरचा उपाय विलक्षण देखणा आहे. टूलला एका छोट्या वर्तुळात फिरवायचे आणि फिरता फिरताच खाली उतरवायचे. त्यासाठी तीन अक्ष एकाच वेळी, एकमेकांशी मेळ राखून हलावे लागतात. 1952 मध्ये अमेरिकेतील एमआयटीने छिद्रांच्या फितीवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले, ते असे तीन अक्ष एकत्र चालवणारे होते. आज भोसरीच्या किंवा शिरोलीच्या शॉपमध्ये प्रोग्राममधल्या जी03 या वर्तुळाकार चालीच्या आज्ञेच्या एका ओळीत एक्स आणि वायसोबत झेड लिहिला की तेच घडते.

खरा प्रश्न आहे तो उताराच्या कोनाचा. समजा, त्याच टूलने 18 मिलिमीटरचे भोक करायचे आहे. टूलचे केंद्र 8 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर फिरेल. त्याचा परीघ 25.13 मिलिमीटर. 2 अंशांचा उतार दिला तर एका फेरीत टूल 0.88 मिलिमीटर खाली जाते आणि 20 मिलिमीटर खोलीसाठी 23 फेऱ्या लागतात. आता भोक फक्त 11 मिलिमीटरचे करा. कोन तोच, पण वर्तुळ 1 मिलिमीटरचे; उतार फेरीमागे जेमतेम 0.11 मिलिमीटर आणि फेऱ्या 180 च्या वर! शिवाय चिप्सना बाहेर पडायला जागाच राहत नाही. उलट 22 मिलिमीटरचे भोक घेतले तर मध्यभागी 2 मिलिमीटर जाडीचा खांब न कापता उभा राहतो.

चक्री जिन्याची पायरी बाहेरच्या कठड्याकडे ऐसपैस आणि मधल्या खांबाकडे निमुळती असते, म्हणून खांबाजवळून उतरणे अवघड जाते. इथेही तसेच घडते. प्रोग्राममधले 2 अंश टूलच्या केंद्राचे असतात. 18 मिलिमीटरच्या भोकाच्या भिंतीशी तोच उतार जेमतेम 0.9 अंश भरतो, तर मध्याकडे तो चढत जातो. टूलची सर्वाधिक कसोटी आतल्या बाजूला लागते, आणि कोनाची मर्यादा ठरवताना हीच बाजू पाहायला हवी.

पोलादात साधारण 1 ते 3 अंश चालतात, अ‍ॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूत 3 ते 10. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती धारेपाशीच साठते, म्हणून तिथे एखाद-दुसऱ्या अंशावर थांबावे. पण कोन फार कमी ठेवणेही सुरक्षित नाही. स्टेनलेस स्टील कापताना पृष्ठभाग कडक होत जातो. फेरीमागची खोली त्या कडक थरापेक्षा कमी पडली तर टूलचा कोपरा त्यातच घासत राहतो आणि लवकर झिजतो.

फीडचा, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाचाही हिशेब वेगळा. भिंतीशी मिनिटाला 900 मिलिमीटर हवे असतील, तर 18 च्या भोकात केंद्राचा फीड 400 धरावा लागतो. आणि तळाशी पोहोचल्यावर झेड न हलवता एक पूर्ण फेरी द्यावी, नाहीतर उताराचा शेवटचा टप्पा तळावर तसाच राहतो.